नवी कला आणि परकेपणाचा आरोप

आम्हां कुर्लेकरांस लोकलनें बोरीबंदरीं उतरणें नित्याचेंच. त्या स्थानकाच्या दगडांवर कोरलेलीं पानेंफुलें व पशुपक्षी हें सर जे. जे. कलाशाळेच्या विद्यार्थ्यांचें काम होय, हें मात्र थोड्यांसच ठाऊक असतें. त्या विलायती थाटाच्या इमारतीस आज कोणी परकी म्हणत नाहीं. परंतु नव्या चित्रापुढें उभे राहिले कीं आमचे सुशिक्षित मित्र चटकन् उद्गारतात, "ही तर पॅरिसची नक्कल!" हा आरोप इतिहासावर घांसून पाहणें अवश्य आहे.

ही कलाशाळा १८५७ सालीं निघाली. पाश्चात्त्य पुतळ्यांचे नमुने पुढें ठेवून हुबेहूब रेखाटन करावयाचें व छायाप्रकाश साधावयाचा, ही तेथील शिस्त. तींतून धुरंधरांसारखे थोर चित्रकार निपजले आणि 'हुबेहूबपणा म्हणजेच कला' ही समजूत घरोघरीं रुजली. म्हणजे ज्या मापानें आम्ही नवें चित्र मोजतों, तें मापहि विलायतेहूनच आलेलें!

या मापाविरुद्ध मुंबईंत १९४७ सालीं सहा तरुण एकत्र आले. 'प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रूप' हें त्यांच्या मंडळाचें नांव. गोव्याचे सूझा, १९४५ सालीं कलाशाळेंतून काढून टाकलेले, पंढरपुरास जन्मलेले हुसेन, सिनेमाचे फलक रंगवून पोट भरणारे, आरा, घरकाम करून दिवस काढलेले, अमरावतीकडील गाडे, मध्यप्रांतांतील रझा, आणि शिल्पकार सदानंद बाकरे. हिटलरच्या जाचामुळें इकडे आलेले लँगहॅमर, लायडन व श्लेसिंगर यांनीं त्यांस युरोपीय कलेची ओळख करून दिली व उत्तेजनहि दिलें, हें नाकारण्याचें कारण नाहीं. तथापि १९४८ सालीं दिल्लीस भरलेलें प्राचीन भारतीय कलेचें प्रदर्शन सूझा व हुसेन यांनीं पाहिलें, आणि मथुरेचीं शिल्पें व बसोलीचे रंग हुसेन यांच्या चित्रांत उतरले. हुबेहूबपणाचें जूं मानेवरून उतरल्यावांचून हा वारसा त्यांच्या हातीं लागता ना.

मंडळ फार दिवस टिकलें नाहीं. १९४९ सालीं सूझा लंडनला, १९५० सालीं रझा फ्रान्सला व १९५१ सालीं बाकरे इंग्लंडला गेले. बाकरे २००७ सालीं वारले. त्यांचें नांव आमच्यापैकीं किती घरांत ऐकूं येतें? या तरुणांची पाठ थोपटली ती निर्वासित परकीयांनीं, आणि परकेपणाचा शिक्का मारला तो आम्हीं. आमच्या तरुणपणीं आम्हीहि तेंच बोलत होतों, हें येथें कबूल करितों.