मुद्रा, मोर्तब आणि प्रमाणपत्र : आंबोलीतील एका संग्रहाचा अनुभव

मराठी दप्तरातील कागद अस्सल की बनावट, हे ठरविताना अभ्यासक तीन गोष्टी पाहतो : कागद कोणाच्या नावाने निघाला, त्यातील कालनिर्देश जुळतो काय, आणि त्याला साक्ष कोणाची. माथ्यावरची मुद्रा पहिल्या प्रश्नाचे उत्तर देते. अखेरचे मोर्तब मजकूर तेथेच संपल्याची ग्वाही देते. संगणकांतील सुरक्षा-प्रमाणपत्रही याच तीन प्रश्नांवर उभे आहे, हे प्रस्तुत लेखकाच्या ध्यानी आले ते ग्रंथांवरून नव्हे, तर आंबोलीच्या घरातील संचय-सर्व्हरच्या बिघाडामुळे.

या सर्व्हरवर मालवणी बोलीची ध्वनिमुद्रणे आहेत. वृद्ध वक्त्यांनी घरगुती गोष्टीही विश्वासाने सांगितल्या असल्याने ती सर्वांस खुली नाहीत. विद्यार्थी पासवर्ड देऊन दुरून ऐकतात. ब्राउझर ‘हे स्थळ सुरक्षित नाही’ असे बजावी आणि विद्यार्थी खुशाल पुढे जात. ही सवय जडली की एखाद्या तोतया सर्व्हरलाही पासवर्ड आयताच मिळतो.

डिफी आणि हेलमन यांनी १९७६ मध्ये सार्वजनिक किल्लीची कल्पना मांडली; परंतु ती किल्ली अमक्याचीच, हे कोणी सांगावे? कोनफेल्डर या विद्यार्थ्याने १९७८ च्या आपल्या प्रबंधिकेत त्यासाठी प्रमाणपत्र सुचविले. एक्स.५०९ हा त्याचा सर्वमान्य नमुना १९८८ चा.

आमच्या यंत्राने प्रथम स्वतःच स्वतःला प्रमाणपत्र दिले होते. स्वतःच्या सहीला स्वतःच साक्षीदार राहण्यासारखाच हा प्रकार! लेट्स एन्क्रिप्ट या संस्थेकडून रीतसर प्रमाणपत्र घेतले, तरी घरातल्या घरात यंत्र अंकी पत्त्याने उघडल्यास तक्रार कायम राही. कारण प्रमाणपत्र नावाला दिलेले, अंकांना नव्हे. नावानेच उघडण्याचा शिरस्ता पाडला, तेव्हा ते मिटले.

पुढचा दोष अधिक फसवा होता. संगणकावर सर्व ठीक, मोबाइलवर मात्र नकार. मूळ प्राधिकरण आणि आपले प्रमाणपत्र यांच्यामध्ये एक मध्यस्थ प्रमाणपत्र असते. सर्व्हर ते पाठवीतच नव्हता. संगणकावरील ब्राउझर ते स्वतः शोधून आणी, मोबाइलवरचा आणीत नसे. लांब मराठी पत्रांत कागदाचे बंद एकमेकांस चिकटवून जोडांवर पाठीमागून लहान शिक्के उमटविलेले आढळतात. मधला बंद गळाला तर वरची मुद्रा आणि खालचे मोर्तब शाबूत असूनही पत्र संशयास्पद ठरते. येथेही तेच झाले. पूर्ण साखळीची फाइल बसविताच मोबाइलने ओळख दिली.

तिसरा दोष काळाचा, आणि त्यात आंबोलीचा पाऊस आला. वर्षाला सुमारे ७,००० मिलीमीटर पाऊस पडणाऱ्या या गावी आषाढात वीज वारंवार जाते. यंत्रातील नाण्याएवढी बॅटरी संपली होती आणि जालावरून वेळ जुळविणारी सोयही बंद राहिली होती. वीज परतल्यावर घड्याळ १ जानेवारी १९७० वर जाऊन बसले. नूतनीकरणासाठी सर्व्हर प्राधिकरणाशी बोलू गेला की त्याला प्राधिकरणाचेच प्रमाणपत्र ‘अद्याप लागू न झालेले’ दिसे. तो माघारी फिरे. आमच्या प्रमाणपत्राची ९० दिवसांची मुदत अशी निमूटपणे संपली. इशारा मात्र ‘मुदत संपली’ एवढाच. घड्याळाकडे लक्ष जाण्यास चार दिवस लागले.

दप्तराच्या अभ्यासकाला हे आधी सुचावयास हवे होते. ‘इहिदे सबैन मया व अलफ’ हे शुहूर सन ११७१, म्हणजे इ.स. १७७०–७१, पत्रातील चांद्रतिथी त्याच्याशी जुळली नाही तर आपण लगेच थबकतो. यंत्राच्या बाबतीत लेखक थबकला नाही.

बॅटरी बदलली, घड्याळ जुळविले, नूतनीकरण पार पडले. शुहूर सन मृग नक्षत्राला पालटे. घरातील त्या बॅटरीची तपासणीही आता मृगाच्या आधीच होते.