‘तूं कोण?’

घरच्या शिवणयंत्रावर एक क्रमांक कोरलेला असतो. तो वाचावयाचा तर यंत्रापाशीं जाऊन वांकावें लागतें, एवढेंच. परंतु जें यंत्र शेंकडों मैल दूर, कुलुपबंद खोलींत बसून संदेशांची ने-आण करितें, त्याचा क्रमांक कसा वाचावा? हमी कोणत्या यंत्राची संपली, सदोष निघालेल्या मालापैकीं कोणतें यंत्र कोठें बसविलें आहे, हें तर त्या क्रमांकावांचून कळत नाहीं.

यावरचा तोडगा टेलिप्रिंटरच्या काळांतच निघाला होता : यंत्रालाच विचारावें! टेलेक्सच्या जाळ्यांत ‘तूं कोण?’ असा एक संकेत असे. तो पोहोंचतांच पलीकडच्या यंत्रांतील दांत्यांचा छोटा रूळ एकदां फिरे आणि त्यावर बांधून ठेवलेलीं ओळखीचीं अक्षरें आपोआप परत येत. तेथें माणूस नसला, तरी संदेश योग्य ठिकाणीं गेल्याची खात्री पटे. १९६३ सालीं अमेरिकेंत ठरलेल्या ‘आस्की’ या अक्षरसंकेतांतहि ५ क्रमांकाची जागा याच प्रश्नासाठीं राखली गेली.

पुढें संगणकांचीं जाळीं पसरलीं व प्रश्न पुन्हां उभा राहिला. १९८८ च्या ऑगस्टांत जेफ्री केस, मार्क फेडर, मार्टिन शॉफस्टॉल व जेम्स डेव्हिन यांनीं ‘एस्. एन्. एम्. पी.’ नांवाची साधी प्रश्नोत्तरपद्धति प्रसिद्ध केली. १९९१ सालच्या सामाईक प्रश्नसूचींत यंत्राचें वर्णन, नांव व ठिकाण होतें. कारखान्याचा क्रमांक मात्र नव्हता. तो विचारावयाचा तर ज्या त्या उत्पादकाची खासगी सूची धुंडाळावी लागे. डिसेंबर १९९९ मध्यें सुधारलेल्या एका सूचींत त्याला सर्वांसाठीं एकच जागा मिळाली, आणि तीहि पेटींतील प्रत्येक सुट्या भागास स्वतंत्र.

पण विचारणारा कोण, हें यंत्रानें कसें ओळखावें? आरंभींच्या पद्धतींत परवलीचा शब्द तारेवरून उघडाच जाई, आणि पुष्कळ यंत्रांत तो ‘पब्लिक’ असाच ठेवलेला असे. २००२ सालीं पूर्ण प्रमाण म्हणून मान्य झालेल्या तिसऱ्या आवृत्तींत विचारणाऱ्याची ओळख पटविण्याची व उत्तर गुप्त राखण्याची सोय झाली. तथापि जुनी रीत अद्यापि पुष्कळ ठिकाणीं चालूच आहे.

जुन्या वाड्याच्या दिंडीदरवाजावरील पहारेकरी आधीं ‘कोण आहे?’ म्हणून विचारी, आणि मगच आंतली गोष्ट सांगे. यंत्राला आम्हीं सांगावयास आधीं शिकविलें, विचारावयास मागाहून.