एन्नोर वाळू

सिमेंटची ताकद तपासण्यासाठी भारतात वापरली जाणारी प्रमाणित वाळू. चेन्नईच्या उत्तरेला, कोसस्थलैयार नदी समुद्राला मिळते त्या भागातील एन्नोर या ठिकाणावरून तिला हे नाव पडले. स्थापत्य अभियांत्रिकी शिकलेल्या कोणाही मराठी माणसाने प्रयोगशाळेत ती हाताळलेली असते. मात्र तिने कोणी घर बांधत नाही. ती निव्वळ मापाची वाळू.

भारतीय मानक ६५० नुसार ती करड्या किंवा पांढुरक्या क्वार्ट्झची आणि गाळविरहित असावी लागते. चपटे, लांबट कण नावालाच चालतात. तिच्या तीन प्रती असतात. पहिली २ मिमीच्या चाळणीतून पडून १ मिमीवर अडकणारी, दुसरी १ मिमी ते ५०० मायक्रॉन आणि तिसरी ५०० ते ९० मायक्रॉन. चाचणीच्या एका घनासाठी २०० ग्रॅम सिमेंट आणि प्रत्येक प्रतीची २०० ग्रॅम वाळू घेतात. घनाची बाजू ७०.६ मिमी असते. हा अडनिडा आकडा एका बाजूचे क्षेत्रफळ ५० चौ. सेंमीच्या जवळ यावे म्हणून आला. ‘५३ ग्रेड’ सिमेंटच्या अशा घनांनी २८ दिवसांनंतर सरासरी किमान ५३ न्यूटन प्रति चौ. मिमी दाब सोसला पाहिजे. वाळू गावोगावची वेगळी असती, तर त्या ५३ ला काही अर्थ उरला नसता.

येथे ‘प्रत’ म्हणजे कणांचे आकारमान. बरे-वाईट असा अर्थ नाही. ‘प्रतवारी’ म्हणजे लहान-मोठे कण कोणत्या प्रमाणात मिसळले आहेत ते. काँक्रीटसाठीच्या मानक ३८३ मध्ये ४.७५ मिमीच्या चाळणीतून बहुतांशी पडते ती वाळू, वर राहते ती खडी. पुढे वाळूचे चार झोन पाडले आहेत: पहिला सर्वांत जाड, चौथा सर्वांत बारीक. ६०० मायक्रॉनच्या चाळणीतून ३५ ते ५९ टक्के वाळू पडली, तर ती दुसऱ्या झोनची.

भूवैज्ञानिकांची परिभाषा मात्र उलट्या दिशेने जाते. लाटांनी आणि वाऱ्याने एकसारखी केलेली किनाऱ्यावरची वाळू त्यांच्या लेखी ‘उत्तम वर्गीकृत’ असते. अभियंता तिलाच ‘वाईट प्रतवारीची’ म्हणतो, कारण मोठ्या कणांमधल्या पोकळ्या भरायला तिच्यात लहान कणच नसतात. शिवाय भूवैज्ञानिकांची वाळू २ मिमीलाच संपते. ३ मिमीचा कण त्यांच्या दृष्टीने खडा, काँक्रीटवाल्याच्या दृष्टीने वाळूच.

बाजारात असल्या व्याख्यांना कोण विचारतो! चेन्नईत २० मिमीची खडी ‘मुक्काल जल्ली’ म्हणून मागतात, म्हणजे आपली पाऊण इंची. मोजायला ‘यूनिट’ असते. ते १०० घनफुटांचे, म्हणजे आपला एक ब्रास. नदीच्या वाळूची जागा आता दगड भरडून केलेल्या वाळूने बरीच घेतली आहे: काँक्रीटला ‘एम-सँड’, गिलाव्याला बारीक ‘पी-सँड’.

घनफुटांच्या या व्यवहारात एक खोच आहे. ओलसर वाळूच्या कणांभोवती पाण्याचा पातळ थर बसतो, कण एकमेकांपासून दूर सरकतात आणि वाळू फुगते. बारीक वाळू तर पाव पटीहूनही अधिक. म्हणजे ब्रास तोच, वाळू कमी. एन्नोर वाळू प्रयोगशाळेत कोरडीच घेतात आणि तराजूवर तोलून घेतात.