परत करणे

मूर्तिजापूर मागे पडलंय. गाडी अकोल्याकडे गुळगुळीत धावतेय, एसी सुरू आहे आणि शेजारच्या सीटवर रुमालात बांधलेली एक पिवळी कॅसेट आहे. परवा अमरावतीत, राजापेठेतल्या घराच्या माळ्यावर, आईच्या जुन्या पातळांखाली सापडली. पाठीवर निळ्या बॉलपेनने लिहिलंय : ‘परत करणे’. अक्षर मामाच्या मोठ्याचं, म्हणजे दादाचं.

जून 2022 मध्ये याच रस्त्यावर 105 तास 33 मिनिटं न थांबता 75 किलोमीटरची एक लेन अंथरली आणि अमरावती-अकोल्याचं नाव गिनीज बुकात गेलं. आता ती लेन सतरंजीसारखी गुंडाळत ने. डांबर निघतं, खड्डे वर येतात, एसी जातो, काचही जाते. तू लाल एसटीत खिडकीच्या गजाला गाल लावून बसलायस. मे 1996. पाचवीची परीक्षा संपली. मांडीवरच्या पिशवीत मामीसाठी कुरड्या, आणि कुरड्यांखाली तुझी सगळी इस्टेट : तीन कॅसेटी. बोरगाव मंजू येतं तेव्हा लू इतकी तापलेली असते की गजावरून गाल काढून घ्यावा लागतो.

जठारपेठेतलं मामाचं घर. पुढची खोली अंधारी, वाळ्याच्या वासाची. बोर्ड एकच, त्यावर कूलर, टीव्ही आणि गेमचा अडॅप्टर. अकोल्याच्या मे महिन्यात तो अडॅप्टर अर्ध्या तासात इतका तापतो की हात लावता येत नाही. म्हणून दादाने त्याला स्टुलावर, बरोबर कूलरच्या तोंडासमोर बसवलंय. आजी भिंतीला टेकून पदराने वारा घेतेय.

“माणसाले हवा नाही अन् डब्बीले हवा! काय पोट्टे आहेत बाप्पा!”

“आजी, ते जळलं तं बाबा आमाले जाळीन,” दादा मान न वळवता म्हणतो.

टीव्हीवर मुंग्या. दादा काडीपेटीच्या काडीने ट्यूनिंगचं चाक केसभर फिरवतो. मुंग्या विरळ होतात, निळं आकाश येतं, मारिओ उभा. तू पंचेचाळिशीकडे झुकलेल्या डोळ्यांनी बघतोस आणि पहिल्यांदा तुझ्या ध्यानात येतं : वरचा ढग आणि खालचं झुडूप एकच चित्र आहे, नुसता रंग बदललाय. 1985 चा हा आख्खा गेम 40 किलोबाइटचा. कंजूषपणा करणं भागच होतं. तुझ्या खिशातल्या मोबाइलमधला आजीचा एक फोटो याहून कितीतरी जड आहे. पण हे इथे सांगायचं कोणाला?

यंत्र खरं तर जपानी. निन्टेन्डोने 1983 मध्ये काढलेल्या फॅमिकॉमची नक्कल. आपल्याकडे ती समुराई, मीडिया अशा नावांनी आली, आणि निन्टेन्डो हा शब्द तू कॉलेजात गेल्यावर ऐकलास. कॅसेटीला खाली साठ दात, तीसतीसच्या दोन ओळी. दुपारी गल्लीतले पोट्टे जमतात आणि बाजार भरतो. एका कॉन्ट्राला दोन विमानांचे गेम. डक हंट बंदुकीसकट असेल तरच. ‘9999999 इन 1’ला कुत्रं विचारत नाही, कारण त्यात पाच-सात गेम नावं बदलून पुन्हापुन्हा येतात हे सगळ्यांना कळून चुकलंय. अशा मालाला दादा ‘पाणी घातलेलं दूध’ म्हणतो. तुझं कलेक्शन म्हणजे ही अदलाबदल. कुठलीही कॅसेट पंधरा दिवसांवर तुझ्याकडे टिकलेली नाही.

एक सोडून.

कॉन्ट्रा दादाचीच. वर वर, खाली खाली, डावा उजवा, डावा उजवा, बी, ए : तीस जीव मिळतात. दादाने तो मंत्र लाइट बिलाच्या पाठीवर लिहून ठेवलाय. काझुहिसा हाशिमोतो नावाच्या माणसाने ‘ग्रॅडियस’च्या वेळी, 1986 साली, स्वतःला तो गेम झेपेना म्हणून ही पळवाट ठेवली होती. तीस जीव असूनही तू मरतोस आणि मग दादाचे मागून घेतोस. तो देतो. दरवेळी देतो.

शेवटच्या सकाळी तो आंघोळीला जातो. कुरड्यांच्या जागी आता मामीने पापड भरलेत. पापडांखाली एक पिवळी वस्तू सरकते. तुला तो हात आवरता येत नाही. तो अकरा वर्षांचा आहे. ‘परत करणे’ हे त्याने आधीच, कुणा दुसऱ्याला देताना लिहिलेलं. पुढच्या मेमध्ये दादा दहावीत गेला होता, गेमचा डबा पलंगाखाली होता, आणि त्याने विचारलं नाही. तूही नाही.

सतरंजी उलगड. काच, एसी, डांबर. आता डिकीत जुन्या सामानातून मिळवलेला एक समुराई आहे, आणि दादाच्या गच्चीवरच्या खोलीत मोठ्या पोटाचा टीव्ही अजून आहे. तो लागतोच. डक हंटच्या बंदुकीला घोडा दाबल्यावर क्षणभर काळा पडणारा पडदा आणि त्यावरचा पांढरा चौकोन दिसावा लागतो. नवे सपाट टीव्ही ते चित्र उशिरा दाखवतात, बदक मरत नाही.

दादा कॅसेट हातात घेतो. उलटी करतो, वाचतो. चष्मा वर सरकवून पुन्हा वाचतो.

“लय लवकर आणली बे.”

तू खिशातून स्पिरिटची बाटली आणि कानात घालायची काडी काढतोस. फुंकल्याने काही साफ होत नाही, तोंडाच्या ओलाव्याने उलट दात गंजतात, कॅसेट काढून पुन्हा बसवली की तेवढ्यानेच चालायची, हे सगळं सांगायला तोंड उघडतोस. तोवर त्याने कॅसेट ओठांशी बाजासारखी धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत फुंकर मारलेली असते.