बरोबरीची किंमत किती? बुद्धिबळाच्या प्रोग्रामांचा छोटा इतिहास

जुलै 2025. जॉर्जियातलं बाटुमी शहर, महिला विश्वचषकाची अंतिम फेरी. समोरासमोर नागपूरची दिव्या देशमुख आणि अनुभवी कोनेरू हम्पी. क्लासिकलचे दोन्ही डाव बरोबरीत सुटले, मग जलद डावांत दिव्या जिंकली. आता प्रश्न असा, की त्या पहिल्या दोन बरोबऱ्यांची किंमत दोघींसाठी सारखीच होती का?

रेटिंगचं गणित म्हणतं, नाही. हम्पीचं रेटिंग सुमारे 80 गुणांनी वर होतं. ईलोच्या सूत्रात 80 चा फरक टाकला की वरच्या खेळाडूकडून दर डावाला 0.61 गुणांची अपेक्षा निघते. बरोबरीत मिळतो अर्धा गुण. म्हणजे एकीला 0.11 चा तोटा, दुसरीला तेवढाच फायदा. फरक 400 असेल तर अपेक्षा 0.91 होते. तिथे बरोबरी म्हणजे वरच्याची नामुष्कीच!

माणसाला हे आपसूक कळतं. प्रोग्रामला कसं कळणार?

क्लॉड शॅनन यांनी 1950 च्या आपल्या प्रसिद्ध शोधनिबंधात सांगितलं होतं, की दोन्ही बाजू अचूक खेळल्या तर कुठल्याही स्थितीची किंमत तीनच असू शकते: जिंकणं +1, बरोबरी 0, हरणं -1. तेवढं खोलवर मोजता येत नाही, म्हणून सोंगट्या, प्यादी, हालचालीची मोकळीक यांवरून अंदाजी आकडा काढायचा. या मांडणीत समोर कोण बसलंय, याला जागाच नाही. त्यामुळे जरा मागे पडल्यासारखं दिसलं, की प्रोग्राम कच्च्या खेळाडूविरुद्धही तीच ती चाल तीनदा करून बरोबरी पदरात पाडून घ्यायचा.

यावर उपाय निघाला त्याचं नाव 'कन्टेम्प्ट', शब्दशः तुच्छता. बरोबरीला 0 न देता थोडा उणे आकडा द्यायचा, म्हणजे प्रोग्राम ती टाळेल. 2018 च्या स्टॉकफिशमध्ये ही सोय मुळातच चालू होती, आणि तिची रचना बघण्यासारखी आहे. प्रोग्रामच्या बाजूला थोडे जादा गुण दिले जात, पण डावाच्या मध्यात जेवढे, त्याच्या निम्मेच शेवटात. मग मोहऱ्यांची मारामारी करून पट रिकामा केला की गुण घटणार. साहजिकच प्रोग्राम गुंतागुंत टिकवून धरायचा.

पण अडचण आली. हेच इंजिन लोक डावांच्या विश्लेषणासाठीही वापरतात. तिथे हा जादा आकडा मिसळला की स्थितीचं मूल्यमापनच एका बाजूला झुकतं. म्हणून विश्लेषणापुरती तुच्छता बंद ठेवायचा वेगळा पर्याय द्यावा लागला. पुढे मूल्यमापनासाठी न्यूरल नेटवर्क आलं, आणि 2021 च्या स्टॉकफिश 14 मधून ही सोय काढूनच टाकली.

लीला या प्रोग्रामने वेगळी वाट धरली. एकच आकडा सांगण्याऐवजी तो तीन शक्यता सांगतो: जिंकण्याची, बरोबरीची, हरण्याची. समजा एका स्थितीत त्या 2, 96, 2 टक्के आहेत आणि दुसरीत 35, 30, 35. सरासरी दोन्हींची 0.50 च. पण पहिली स्थिती मेलेली आहे, दुसरीत आग आहे. कच्च्या प्रतिस्पर्ध्यासमोर दुसरी निवडावी, कारण चुकायला तिथे वाव आहे. वरचढासमोर पहिली बरी. 2023 पासून लीलामध्ये दोघांच्या रेटिंगचा फरक सांगून या शक्यता नव्याने मांडता येतात.

पेट देऊन विषय शोधत असलेल्यांनी यातून दोन गोष्टी घ्याव्यात. पहिली, मोजमाप आणि निर्णय वेगळे ठेवा. 'स्थिती कशी आहे' हा एक प्रश्न, 'मी काय करावं' हा दुसरा. दुसऱ्याचं उत्तर पहिल्याच्या आकड्यात कालवलं की तो आकडा इतर कुणाच्या कामाचा राहत नाही.

दुसरी, नुसत्या सरासरीवर थांबू नका. अमळनेर तालुक्यातल्या दोन गावांचा सरासरी पाऊस सारखा आहे, असं समजा. एका गावात तो बेताबेताने पडतो, दुसऱ्यात दोन ढगफुट्यांत संपतो. तक्त्यात दोन्ही गावं सारखीच दिसतील. कोरडवाहू कपाशीवाल्याला विचारा, तो फरक लगेच सांगेल.