एस्ट्रेसला न दिसणारी पानं

"सिस्टिम स्लो आहे" ही आमच्या धंद्यातली "अंगात कसकस आहे". नक्की काय दुखतंय ते कोणीच सांगत नाही, औषध मात्र लगेच हवं असतं.

तर झालं असं. गेल्या वर्षी आमच्या एका सर्च सर्व्हिसला रोज सकाळी ताप यायचा. दिवसभर ठणठणीत, पण सकाळचे पहिले शे-दोनशे सर्च तीन-चार सेकंद घ्यायचे. मी एस्ट्रेस लावला. ज्यांनी वापरला नसेल त्यांच्यासाठी : एखादा प्रोग्रॅम कर्नलकडे जे जे मागतो (फाईल उघड, एवढे बाइट वाच, नेटवर्कवर पाठव) ते सगळे सिस्टिम कॉल ही कमांड एकाखाली एक छापते. मी बघितलं तर रिक्वेस्ट आली, मग तीन सेकंद चिडीचूप, मग उत्तर गेलं. मध्ये फाईल वाचल्याचा एकही कॉल नाही. म्हणजे डिस्क निर्दोष! म्हणजे त्या तीन सेकंदांत आपलाच कोड काहीतरी दळत बसलाय. तो कोड टीममधल्या एका मित्राचा होता. मी अख्ख्या टीमला मेल टाकली, पुराव्यासकट. त्या बिचाऱ्याने शनिवार-रविवार घालवून ते लूप पुन्हा लिहिलं.

सोमवारी सकाळी पुन्हा तेच. तीन सेकंद.

तो माझ्या डेस्कपाशी आला आणि शांतपणे म्हणाला, "टॉप उघड. सीपीयू तर झोपलाय. मग माझा कोड चालतोय कुठे?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. ते शोधताना जो इतिहास सापडला, त्याच्यासाठी आजचा हा लेख.

गोष्ट सुरू होते मँचेस्टरला. तिथलं विद्यापीठ आणि फेरांटी कंपनी यांनी मिळून बांधलेल्या ॲटलास कॉम्प्युटरचं उद्घाटन ७ डिसेंबर १९६२ ला झालं. टॉम किलबर्न हे त्याचे मुख्य शिल्पकार. मशीनची कोअर मेमरी फक्त १६,३८४ शब्दांची (शब्द ४८ बिटांचा, म्हणजे आजच्या हिशोबात जेमतेम ९६ केबी). त्याच्या मागे फिरणारा ड्रम, ९८,३०४ शब्दांचा. तोवर प्रोग्रॅम मोठा असला की त्याचे तुकडे करून ड्रमवरून कधी काय आणायचं आणि कधी काय परत ठेवायचं हे प्रोग्रॅमरलाच लिहावं लागे. किलबर्न मंडळींनी ही कटकट काढून टाकली. मेमरीची ५१२ शब्दांची पानं पाडली, कोअरमधल्या ३२ पानांच्या जागांना एकेक रजिस्टर दिलं. प्रोग्रॅमने मागितलेला पत्ता त्या ३२ मध्ये नसेल तर हार्डवेअर त्याला तिथेच थांबवणार, सुपरव्हायझर ड्रमवरून पान आणणार, आणि प्रोग्रॅम पुढे चालू. त्याला वाटत राहणार की सगळी मेमरी एकच आहे. हाच आपला पेज फॉल्ट.

गंमत म्हणजे याच ॲटलासवर 'एक्स्ट्राकोड' नावाची सोय होती. दिसायला साधी मशीनची आज्ञा, पण तिच्यामागे आधीच लिहून ठेवलेलं रूटीन चालायचं. आजच्या सिस्टिम कॉलचे हे पूर्वज. म्हणजे सिस्टिमकडे जायचे दोन्ही रस्ते एकाच घरातले.

फरक काय तो पंगतीत कळतो. तुम्ही ओरडून "इकडे मठ्ठा!" म्हणता, तो सिस्टिम कॉल. आणि गप्पांच्या नादात हात भाताकडे जातो, तिथे भातच नसतो, वाढप्याच्या ते लक्षात येतं आणि तो मुकाट्याने वाढतो, तो पेज फॉल्ट. भात शेजारच्या पातेल्यात असेल तर मायनर, पार भटारखान्यातून आणावा लागला तर मेजर. आणि भात येईपर्यंत हात हवेत थिजलेला, पण जेवणाऱ्याला त्याचा पत्ताच नाही! एस्ट्रेस म्हणजे कोण काय ओरडून मागतंय तेवढंच टिपणारा कारकून.

तो असा का घडला? कारण त्याचं घराणं. तो ज्या पीट्रेस कॉलवर उभा आहे तो युनिक्सच्या सहाव्या आवृत्तीत, १९७५ मध्ये, डीबगरसाठी आला. त्या पीडीपी-११ वरच्या युनिक्समध्ये पेजिंग नव्हतंच, अख्खा प्रोसेस उचलून डिस्कवर ठेवायचा नाहीतर परत आणायचा. पेजिंग आलं बर्कलीत. बेल लॅब्जने व्हॅक्ससाठी दिलेल्या युनिक्समध्ये ओझाल्प बाबाओग्लू आणि बिल जॉय यांनी ते घातलं आणि १९७९ च्या अखेरीस थ्री-बीएसडी बाहेर पडलं. पुढे १९८३ च्या ४.२ बीएसडीच्या कागदपत्रांत एममॅपचं वर्णन आलं. फाईल 'वाच' म्हणायचंच नाही, ती मेमरीत चिकटवायची आणि नुसता हात घालायचा. पण ते नुसतं कागदावरच राहिलं. प्रत्यक्षात आणलं ते सनने, १९८८ च्या सनओएस ४.० मध्ये.

आणि १९९१ मध्ये त्याच सनओएसवर, तिथल्या ट्रेस नावाच्या कमांडवरून सुचून, पॉल क्रॅनेनबर्ग यांनी एस्ट्रेस लिहिला! न बोलता फाईल वाचायची सोय आणि फक्त बोलणं ऐकणारा कारकून, दोघं एकाच सिस्टिमवर मोठे झाले. पुढे ब्रांको लँकेस्टर यांनी एस्ट्रेस लिनक्सवर आणला, आणि १९९३ मध्ये रिक स्लॅडकी यांनी दोन्ही शाखा जोडून त्यात सिस्टिम व्हीच्या ट्रस या कमांडमधल्या बऱ्याच सोयी घातल्या.

या ट्रसपाशी मी सर्वात जास्त वेळ अडकलो. ट्रसला मशीनचे फॉल्टही दाखवता येतात, त्यासाठी वेगळा ऑप्शन आहे. पण सोलारिसचं मॅन्युअल वाचा : डिफॉल्ट आहे 'सगळे फॉल्ट दाखव, पेज फॉल्ट सोडून'. तेही पटण्यासारखंच आहे म्हणा. साधा प्रोग्रॅम सुरू होतानाच शेकड्यांनी पेज फॉल्ट होतात, कोण वाचणार? आणि लिनक्सच्या पीट्रेसमध्ये तर पेज फॉल्ट कळवायची सोयच नाही. आकडा मिळायचा, कारण ४.२ बीएसडीच्या गेटआरयूसेजपासून मायनर किती, मेजर किती ही बेरीज ठेवलेली असते. पण कुठल्या फाईलच्या कुठल्या पानाला ठेच लागली, ते नाही.

सोलारिस १० मध्ये २००५ साली डीट्रेस आला. लिनक्समध्ये २००९ साली पर्फ आला, २०१२ साली त्यात 'पर्फ ट्रेस' ही एस्ट्रेससारखी कमांड आली, आणि २०१४ मध्ये तिला पेज फॉल्ट दाखवायचा ऑप्शन मिळाला. त्याला 'ऑल' म्हटलं की सिस्टिम कॉल आणि पेज फॉल्ट एकाच यादीत, वेळेच्या क्रमाने. शिवाय एस्ट्रेस प्रत्येक कॉलला जाताना एकदा आणि येताना एकदा प्रोग्रॅमला थांबवतो, तसंही पर्फ करत नाही.

मंगळवारी सकाळी सातला आम्ही दोघांनी ती लावली. त्या चिडीचूप तीन सेकंदांत मेजर फॉल्टच्या ओळींचा धबधबा! प्रत्येक ओळीत कुठलं फंक्शन, कुठली फाईल, फाईलमध्ये कुठे. सगळ्या ओळी एकाच फाईलच्या : एममॅपने चिकटवलेला आमचा इंडेक्स. रात्री त्याच मशीनवर बॅकअप चालायचा, तो मेमरीत आपल्या फाईली भरायचा आणि इंडेक्सची पानं बाहेर. सकाळचे पहिले सर्च ती एकेक करून डिस्कवरून ओढत होते. उपाय काय, तर सहा वाजता इंडेक्स एकदा वाचून काढणारी दोन ओळींची स्क्रिप्ट.

दोष एस्ट्रेसचा नाही. त्याच्या नावातच काय दाखवणार ते आहे. दोष माझा, की त्याच्या यादीत डिस्क नाही म्हणून मी डिस्क निर्दोष ठरवली. किलबर्न यांनी पेज फॉल्ट बनवलाच होता तो प्रोग्रॅमरला दिसू नये म्हणून. साठेक वर्षांनंतर तो मलाही दिसला नाही, म्हणजे त्यांचं काम चोख होतं!

असो. मी दुसरी मेल टाकली, त्याच सगळ्या लोकांना, माफीची. मित्र म्हणाला, "ठीक आहे रे, लूप तरी सुधारलं." पण त्याचा तो शनिवार-रविवार काही परत आला नाही.