धर्माचें दार आणि राज्याचें दार

सातपुडा ओलांडला कीं खानदेश संपतो आणि होळकरांचा जुना मुलूख लागतो. 1818 च्या मंदसोरच्या तहापूर्वीं सातपुड्याच्या अलीकडेही होळकरांचा अंमल होता. तेव्हां इंदूरच्या घरांत काय घडतें याचें कुतूहल धुळें-जळगांवकडे असावें यांत नवल नाहीं. 1928 च्या मार्च महिन्यांत तर साऱ्या महाराष्ट्राचे डोळे तिकडे लागले. दोन वर्षांपूर्वीं गादी सोडलेल्या तुकोजीराव होळकरांनीं नॅन्सी मिलर या अमेरिकन तरुणीशीं विवाह केला. आधीं नाशिक येथें शंकराचार्य डॉ. कुर्तकोटी यांच्या हस्तें शुद्धि होऊन ती शर्मिष्ठादेवी झाली, आणि लग्न लागलें तें नर्मदेजवळच्या बडवाहास. नाशिकहून तेथें जावयाची आगगाडीची वाट जळगांव-भुसावळवरून खांडव्यास जाते.

शुद्धि शास्त्रसंमत कीं नाहीं, धनगर समाजानें तिला आपली म्हणावें कीं नाहीं, यावर रणें माजलीं. त्या गदारोळांत एक साधा प्रश्न मागें पडला: ही बाई आतां कोणत्या राज्याची?

अमेरिकेच्या 1922 च्या केबल कायद्यानें स्त्रीचें नागरिकत्व पतीच्या नागरिकत्वापासून वेगळें काढलें, म्हणून त्याची स्तुति होते. परंतु त्यांत एक मेख होती. जो परकी पुरुष अमेरिकेचा नागरिक होण्यास अपात्र, त्याच्याशीं विवाह करणारी अमेरिकन स्त्री आपलें नागरिकत्व गमावीत असे. आणि हिंदी मनुष्य असा अपात्र आहे हें तेथील सर्वोच्च न्यायालयानें 1923 सालीं भगतसिंग थिंद यांच्या खटल्यांत ठरवून टाकलें होतें. म्हणजे बडवाहास अंतरपाट दूर होतांच वधूची जन्मभूमि तिला कायद्यानें परकी झाली! मोबदल्यांत काय मिळालें? संस्थानिक हे कायद्याच्या भाषेंत ब्रिटिश प्रजा नव्हेत, केवळ ब्रिटिशांच्या संरक्षणाखालचे. तेव्हां पतीच्या नात्यानें ब्रिटिश प्रजाजनाचे हक्क मिळण्याचीही वाट नव्हती. राजवाड्यांत ही उणीव फारशी जाणवलीही नसेल. एखाद्या कारकुनाची बायको असती तर? ही मेख 1931 सालीं निघाली.

ज्ञानकोशकार डॉ. केतकर यांनीं 1920 सालीं एडिथ कोहन या जर्मन-ज्यू कुळांतील विदुषीशीं विवाह केला. तेथेंही व्रात्यस्तोम करून धर्माचें दार उघडावें लागलें. राज्याचें दार मात्र आपोआप उघडलें. कारण केतकरांचा जन्म रायपूरचा, ब्रिटिश मुलखांतला, आणि 1914 च्या कायद्याप्रमाणें ब्रिटिश प्रजाजनाची पत्नी ती ब्रिटिश प्रजा. शीलवतीबाई होऊन तिनें पुण्यास संसार केला, विंटरनिट्झचा भारतीय वाङ्मयाचा इतिहास इंग्रजींत आणला. पतीच्या जन्मगांवावरून पत्नीचें राज्य ठरावें हा न्याय एकीस लाभला म्हणून मला कमी लाजिरवाणा वाटत नाहीं.

वर्ध्याचे क्रांतिकारक पांडुरंग खानखोजे यांची कथा याच्या उलट. मेक्सिकोंत शेतकी शाळेचे प्राध्यापक असतां 1936 सालीं त्यांनीं जान सिंदिक या बेल्जियन स्त्रीशीं विवाह केला. तेथें ना शुद्धीचा वाद, ना जातीचा. अडविलें तें सरकारनें, आणि तेंही परक्या सरकारनें नव्हे: ब्रिटिशांच्या काळ्या यादींतील त्यांचें नांव स्वराज्य आलें तरी खोडलें गेलें नव्हतें, आणि मायदेशीं येण्याच्या परवान्यास आरंभीं नकार मिळाला. पुढें हें कुटुंब नागपुरास स्थायिक झालें. 1967 सालीं खानखोजे तेथेंच वारले.

आपल्या स्वतंत्र देशाच्या 1955 च्या नागरिकत्व कायद्यानें भारतीय नागरिकाशीं विवाह केलेल्या ‘स्त्रियां’ना नोंदणीनें नागरिक होण्याची सोय केली. भारतीय स्त्रीच्या परदेशी पतीचा त्यांत उल्लेखही नव्हता. ‘स्त्रिया’ जाऊन ‘व्यक्ति’ हा शब्द आला तो 1986 सालीं, पांच वर्षांच्या वास्तव्याच्या अटीसह. 2003 च्या दुरुस्तीनें ती अट सात वर्षांची झाली. जळगांवची एखादी मुलगी परदेशी पति घेऊन माहेरच्या गांवीं संसार मांडूं म्हणाली असती, तर मधलीं एकतीस वर्षें हें कलम तिच्या पतीकरितां नव्हतेंच.